हडपसरची लढाई, २५ ऑक्टोबर १८०२: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हडपसर म्हटलं की गाडीतळ, मगरपट्टा आणि सोलापूर रस्त्यावरची वाहतूक कोंडी आठवते. याच भागात २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तोफा डागत होत्या. पानिपताबद्दल बोलायला लागलं की प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असतं. हडपसरचं नाव काढलं की बहुतेक जण विचारतात, "तिथे लढाई झाली होती?" झाली होती, आणि तिच्यानंतर सव्वादोन महिन्यांत पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने कायम पोसायची कंपनीची फौज, पदरात घेतली. वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही लढाई कोणाकोणात झाली आणि जिंकलं कोण?

एका बाजूला यशवंतराव होळकर. दुसऱ्या बाजूला दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांची एकत्र फौज. दौलतराव स्वतः रणात नव्हते, ते उत्तरेत होते. त्यांच्या वतीने सदाशिवराव भास्कर बक्षी सेनापती म्हणून उभे होते. होळकर जिंकले, तेही निर्विवाद.

या तिघांची वयं सहसा कुणी सांगत नाही. बाजीरावांचा जन्म १७७५ चा, म्हणजे ते सत्तावीस वर्षांचे. यशवंतराव १७७६ चे, म्हणजे पंचविशीतले. दौलतराव त्याहूनही लहान. नाना फडणवीस १८०० च्या मार्चमध्ये गेले. अहिल्याबाई, महादजी शिंदे, तुकोजी होळकर त्याआधीच गेले होते. भांडण मिटवायला बसवावं असं वडीलधारं माणूस पुण्यात उरलंच नव्हतं.

हे मस्तानीचे बाजीराव का?

नाही. ते पहिले बाजीराव, त्यांचा मृत्यू १७४० साली झाला. दुसरे बाजीराव त्यांचे नातू, राघोबादादांचे चिरंजीव.

खडकीची लढाई ती हीच का?

तीही नाही. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, पेशवे विरुद्ध इंग्रज. हडपसरला दोन्हीकडे मराठेच होते. पंधरा वर्षांचं अंतर आणि पुण्याच्या दोन टोकांना दोन लढाया, म्हणून घोटाळा होतो.

भांडणाचं मूळ कशात होतं?

होळकरांच्या घरातल्या वारशात. तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ रोजी पुण्यात वारले. मागे चार मुलगे होते. काशीराव थोरले, पण प्रकृतीने आणि मनाने कमजोर. दुसरे मल्हारराव, औरस आणि धडाडीचे. विठोजी आणि यशवंतराव हे अनौरस. सरदार मंडळींचा आणि दोन्ही अनौरस भावांचा कल मल्हाररावांकडे होता. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू उचलली. काशीराव गादीवर असले की होळकरांची दौलत आपल्या मुठीत राहील, हा हिशेब त्यामागे उघड दिसतो.

१४ सप्टेंबर १७९७ च्या पहाटे शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, मल्हाररावांच्या तळावर छापा घातला. त्यात मल्हारराव मारले गेले. त्यांची पत्नी गरोदर होती. पुढे तिला मुलगा झाला. त्याचं नाव खंडेराव. आई आणि मूल दोघंही शिंद्यांच्या ताब्यात राहिले. विठोजी कोल्हापूरकडे निसटले, यशवंतराव नागपूरला गेले. तिथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकलं, पण १७९८ साली ते पळाले. पुढे माळव्यात आणि खानदेशात त्यांनी भिल्ल, पठाण, पेंढारी आणि होळकरांचे जुने शिलेदार जमवून फौज उभी केली.

खंडेराव लक्षात ठेवा. यशवंतराव अनौरस असल्याने त्यांच्या स्वतःच्या दाव्याला धर्मशास्त्राचा आणि दरबारचा आधार तोकडा होता. म्हणून ते पुतण्या खंडेरावाच्या नावाने कारभार करत होते. लढाईच्या वेळी हे पोर चार-पाच वर्षांचं होतं.

यात पेशव्यांचा संबंध कुठे आला?

बाजीरावांना गादी मिळवून देण्यात शिंद्यांचा हात होता. त्याबद्दल त्यांनी दौलतरावांना दोन कोटी रुपये कबूल केले होते. खजिन्यात तेवढे पैसे नव्हते, तेव्हा दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्यातूनच वसुली करायला मोकळं सोडलं. १७९८ साली सावकार, कारकून, नाना फडणविसांच्या पक्षातली माणसं, सगळ्यांना छळून पैसे काढले गेले. म्हणजे पुणं लुटलं गेलं ते आधी पेशव्यांच्या मित्राकडून, पेशव्यांच्या संमतीने. होळकरांच्या लुटीबद्दल बोलताना ही चार वर्षं आधीची गोष्ट पुष्कळदा वगळली जाते.

विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं हे खरं का?

खरं आहे. विठोजींनी पंढरपूर-कृष्णाकाठच्या मुलखात पुंडाई चालवली होती. लूटमार केली हे नाकारण्यात अर्थ नाही. ते पकडले गेले. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापुढे त्यांना हत्तीच्या पायाला बांधून मारण्यात आलं. बाजीराव वाड्यातून पाहत होते आणि त्यांचे लाडके बाळोजी कुंजीर शेजारी होते, असं बखरकार आणि इंग्रज दोघंही सांगतात.

होळकर हे दौलतीतले मानाचे सरदार. अशा घराण्यातल्या माणसाला कैदेत ठेवता आलं असतं, दंड घेऊन सोडता आलं असतं. राघोबादादांच्या पक्षाने बंड केलं म्हणून माधवराव पेशव्यांनी काकाला हत्तीच्या पायी दिलं नव्हतं, नजरकैदेत ठेवलं होतं. बाजीराव त्याच काकाचे चिरंजीव. तुकोजींनी राघोबांच्या विरोधात नाना फडणविसांना साथ दिली होती. जुना राग विठोजींवर निघाला, असं मला वाटतं.

मग यशवंतराव सूड घ्यायला आले की गादी घ्यायला?

सूडाची गोष्ट रंगवून सांगायला सोपी आहे, पण लढाईच्या आधीच्या वाटाघाटी पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं. होळकर पुण्याजवळ आले तेव्हा बाजीरावांनी निरोप पाठवले: मागे फिरा, तुमचं म्हणणं ऐकून घेतो. यशवंतरावांचं उत्तर नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा: भाऊ विठोजी मेला, तो काही परत येत नाही. पण खंडेरावाला सोडा आणि आमच्या घराण्याचा मुलूख आम्हाला द्या.

बाजीरावांनी हे केलं का? उलट मुलाची रवानगी आसीरगडावर झाली. बऱ्हाणपूरजवळचा हा किल्ला शिंद्यांच्या हाती होता. पाच वर्षांचं मूल आणि त्याची आई सोडायला एक हुकूम पुरला असता. सोबत काशीरावांचा काही तोडगा आणि थोडा मुलूख द्यावा लागला असता, एवढंच. होळकर तेवढ्यावर परत गेले असते, याची हमी अर्थातच कुणी देऊ शकत नाही. माझ्या मते ही लढाई टळण्याची शेवटची संधी आसीरगडच्या वाटेवर गेली.

होळकर पुण्यापर्यंत पोहोचले कसे? वाटेत कुणी अडवलं नाही?

अडवलं, पण निभलं नाही. त्याआधी १८०१ साली माळव्यात दोन्ही पक्षांनी एकमेकांचे लचके तोडले होते. जुलैमध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणींचा फडशा पाडला. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांनी इंदुरात त्यांचा पराभव करून शहर धुऊन काढलं. मग १८०२ मध्ये यशवंतराव खानदेशातून दक्षिणेत उतरले. त्यांचे सरदार फत्तेसिंग माने पुढे होते. ८ ऑक्टोबरला बारामतीजवळ मान्यांनी पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. यशवंतराव नगरकडून येऊन जेजुरीजवळ मान्यांना मिळाले. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचं कुलदैवत, त्यामुळे त्या मुक्कामाला लष्करी अर्थ होता तसा दुसराही होता. तिथून घाट उतरून त्यांनी लोणी आणि हडपसर यांच्या दरम्यान तळ दिला.

दरम्यान सदाशिवराव भास्कर शिंद्यांची फौज घेऊन पोहोचले होते आणि पेशव्यांच्या सैन्याला मिळाले होते.

लढाई नेमकी कुठे झाली?

हडपसर, वानवडी आणि घोरपडी यांच्यामधल्या माळावर. होळकर पूर्वेकडून, पेशवे-शिंदे पुण्याच्या बाजूला. वानवडी हा शिंद्यांच्या सवयीचा भाग. महादजी शिंदे १७९४ साली तिथेच वारले आणि शिंदे छत्री तिथेच आहे. त्या काळी हा सगळा उघडा, सपाट, घोडदळाला सोयीचा मुलूख. आज त्यावर छावणी, वसाहती आणि सोलापूर रस्ता आहे.

कोणाकडे किती फौज होती?

इंग्रजी नोंदींप्रमाणे होळकरांकडे कवायती पायदळाच्या चौदा पलटणी, त्याशिवाय सुमारे ५,००० बिनकवायती पायदळ आणि २५,००० घोडा. शिंद्यांकडे दहा पलटणी होत्या. त्यांतल्या चार जुन्या, डी बॉयनने महादजींच्या काळात घडवलेल्या आणि सहा अंबाजी इंगळे यांच्या. शिवाय शिंद्यांचं घोडदळ आणि पेशव्यांची फौज. त्या काळच्या घोडदळाच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पलटणींचा हिशेब मात्र बराच पक्का असतो, कारण त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागे.

दोन्हीकडे गोरे अधिकारी होते म्हणतात. म्हणजे ही इंग्रजांचीच लढाई होती का?

गोरे अधिकारी होते, पण कंपनी सरकारचे नव्हते. ते पगारी होते. होळकरांच्या पलटणींवर व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग. शिंद्यांच्या जुन्या पलटणींवर कॅप्टन डॉज.

मराठ्यांच्या लढाईची रीत तोवर बदलली होती. गनिमी काव्याने घोडे फेकणं एकीकडे, आणि रांगेत उभं राहून बंदुकीच्या फैरी झाडणं दुसरीकडे. महादजींनी ही कवायती फौज आणली आणि तिच्या जोरावर उत्तर हिंदुस्थान जिंकला. १ जून १७९३ ला राजस्थानातल्या लाखेरीला शिंद्यांच्या याच पलटणींनी तुकोजी होळकरांची फौज मोडली होती. ती जखम होळकरांकडे ओली होती. यशवंतरावांनी त्यातून घेतलेला धडा साधा होता: शिंद्यांना हरवायचं तर आपल्याकडेही पलटणी आणि तोफखाना हवा, आणि शिवाय आपला घोडा हवाच.

त्या दिवशी काय घडलं?

दिवस सोमवार, आश्विन वद्य चतुर्दशी, म्हणजे नरक चतुर्दशी. सकाळी दोन्हीकडून तोफांचा मारा सुरू झाला. कवायती फौजांची सुरुवात अशीच होई. समोरच्याच्या रांगा ढिल्या पडेपर्यंत गोळे टाकत राहायचं.

मग होळकरांचं घोडदळ पुढे गेलं आणि मागे रेटलं गेलं. शिंद्यांच्या स्वारांनी जोर केला, होळकरांची फळी डळमळली, काही पथकं पाठ दाखवू लागली. अर्ध्या तासाचा खेळ होता. इथे फौज फुटली असती तर यशवंतरावांचं नाव आज कुणाला ठाऊकही नसतं.

यशवंतराव तोवर मागून सगळं पाहत होते. ते घोड्यावर चढले आणि पळणाऱ्यांच्या आडवे गेले. त्यांनी काय ओरडून सांगितलं त्याचे शब्द निरनिराळे सांगतात, पण मतलब एकच: यशवंतरावाच्या मागे यायचं असेल तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. एक डोळा त्यांचा आधीच बंदूक फुटून गेलेला. अशा माणसाने स्वतः तलवार उपसून समोर घोडा घातला तेव्हा माघारी वळलेले स्वार पुन्हा फिरले. शिंद्यांचं घोडदळ या रेट्यापुढे उधळलं. शेवटी पेशव्यांच्या बाजूला उरलं ते पायदळ, उघड्या माळावर, घोडदळाच्या आधाराशिवाय.

डॉजच्या चार पलटणी मात्र हलल्या नाहीत. बाजूची फौज पळाली, सेनापती निघून गेले, तरी त्या तोफांभोवती उभ्या राहून फैरी झाडत राहिल्या. यशवंतरावांनी घोडदळ थेट तोफांवर घातलं. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. डॉज आणि त्याचे बहुतेक गोरे सोबती पडले, पलटणी जवळजवळ संपल्या. होळकरांकडला हार्डिंगही याच हल्ल्यात गेला, आणि यशवंतराव स्वतः जखमी झाले. तोफा, सामान, तळ, सगळं होळकरांच्या हाती आलं.

बाजू बाजूला ठेवून सांगायचं तर त्या दिवशी सर्वांत चिवट लढले ते हरलेल्या बाजूचे शिपाई. त्यांतले बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, अवध आणि दोआबातले. पुण्याच्या गादीवर कोण बसतं याच्याशी त्यांचा संबंध पगारापुरता.

समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत यशवंतरावांनी तोफ डागू दिली नाही, असं म्हणतात?

ही गोष्ट होळकरांच्या बाजूने आवडीने सांगितली जाते. पेशवा हा धनी, त्याच्यावर पहिला वार सेवकाने करायचा नाही, हा तिचा गाभा. गोळे नेमके पंचवीसच होते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्यामागची वृत्ती पाहावी. ती यशवंतरावांच्या पुढच्या वागण्याशी जुळते. जिंकल्यावरही ते पेशव्यांना "परत या" असेच निरोप पाठवत राहिले.

बाजीराव खरोखरच पळाले का?

हो. आधी ते लढाई पाहायला म्हणून वाड्यातून निघाले होते. विजयाची खात्री होती. तोफांचे आवाज ऐकून मात्र त्यांनी दक्षिणेकडे वळण घेतलं आणि पर्वतीच्या बाजूला थांबले. पराभवाची बातमी येताच सिंहगड गाठला. तिथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असं कोकणात उतरून शेवटी इंग्रजांच्या जहाजाने ६ डिसेंबरला वसईला पोहोचले. त्यांना मागे आणायला होळकरांची माणसं मागावर होतीच.

"पळपुटा बाजीराव" ही शिवी तिथून चिकटली आणि आजही गेलेली नाही. राजाने जीव वाचवायला माघार घेणं यात स्वतःत लाजिरवाणं काही नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले म्हणून त्यांना कुणी पळपुटा म्हणत नाही. त्यांनी जिंजीहून राज्य लढतं ठेवलं. बाजीरावांनी वसईला जाऊन काय केलं, यावरून त्यांचा हिशेब मांडावा.

त्या दिवशी इंग्रज काय करत होते?

वाट पाहत होते. रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, बॅरी क्लोज मुळा-मुठेच्या संगमावरच्या आपल्या बंगल्यात होता. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली बसलेला. निजामाच्या गळ्यात त्याने तैनाती फौज बांधली होती आणि पेशव्यांनीही ती घ्यावी म्हणून तो मागे लागला होता. बाजीराव ते टाळत आले होते.

२५ ऑक्टोबरला, लढाई चालू असतानाच, बाजीरावांच्या माणसाने क्लोजकडे मसुदा पोहोचवला. सहा पलटणींची तैनाती फौज कायम ठेवून घेतो आणि तिच्या खर्चासाठी पंचवीस लाखांचा मुलूख देतो, असा त्यातला मजकूर. वसईचा तह पुढे ३१ डिसेंबरला झाला, पण त्याची सुपारी हडपसरच्या तोफा धडाडत असताना फुटली होती. म्हणून "होळकरांनी पेशव्यांना इंग्रजांच्या दारात ढकललं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ढकललं खरं, पण दार कुठे आहे ते बाजीरावांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

यशवंतरावांनीही लढाईनंतर क्लोजला भेटून मध्यस्थी करायला सांगितलं. क्लोज गोड बोलला, काही कबूल न करता नोव्हेंबरअखेर पुण्यातून निघून गेला.

होळकरांनी पुणं लुटलं का?

सुरुवातीला नाही. शहराला उपद्रव होऊ नये म्हणून त्यांनी पहारे बसवले, शिस्त ठेवली. बाजीराव परत येतील आणि बोलणी होतील ही आशा होती तोवर हे टिकलं. ते हाताबाहेर गेले हे कळल्यावर चित्र पालटलं. एवढ्या मोठ्या फौजेला पगार द्यायचा होता, आणि पैसा एकाच ठिकाणी होता, पुण्याच्या वाड्यांत. मग खंडणी, झडत्या, मारहाण, छळ, सगळं झालं. यशवंतरावांच्या शौर्याबद्दल आदर बाळगूनही हे झाकायचं कारण नाही.

खेड्यांची दशा आणखी वाईट झाली. होळकरांचे स्वार, पेंढारी आणि पुढे त्यांच्या मागावर आलेल्या फौजा पुणे, नगर, खानदेश या भागांतून फिरल्या. उभी पिकं घोड्यांच्या दाणावैरणीत गेली. त्यातच पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. नगर-खानदेशाकडे गावंच्या गावं ओस पडली. हडपसरच्या माळावर एका दिवसात मेले त्याच्या कितीतरी पट माणसं त्या भुकेत गेली. लढाईच्या वर्णनांत याला एक ओळही मिळत नाही.

मराठ्यांची ही पहिलीच यादवी होती का?

छे. १७०७ साली भीमेकाठी खेडला शाहू महाराज आणि ताराबाईंच्या फौजा भिडल्या. १७६२ मध्ये आळेगावला राघोबादादा पुतण्या माधवरावांवर चालून गेले, १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांना पकडलं. लाखेरीचा उल्लेख वर आलाच. पण खेडला धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि प्रश्न जवळपास तिथेच सुटला. आळेगावला माधवराव स्वतः काकांच्या छावणीत जाऊन शरण गेले, म्हणून राज्य फुटायचं वाचलं. तेव्हा लढणाऱ्यांपैकी कुणीतरी नमतं घ्यायला तयार होतं.

जिंकूनही यशवंतरावांच्या पदरात काय पडलं?

फारसं काही नाही. पेशवा हाती नाही, खंडेराव शिंद्यांच्या किल्ल्यात. मग त्यांनी जुन्नराहून अमृतरावांना बोलावलं. अमृतराव हे राघोबांचे दत्तक पुत्र, म्हणजे बाजीरावांचे थोरले भाऊ. कारभार त्यांच्या हाती देऊन त्यांचा मुलगा विनायकराव याला पेशवेपदी बसवण्याचा घाट घातला गेला. पण मोठे सरदार या खटपटीत उतरले नाहीत. स्वतः पेशवा व्हावं असा विचार यशवंतरावांनी केला नाही, आणि गादीवर कोण हवं याची तयार योजनाही त्यांच्याकडे नव्हती. लढाई त्यांनी जिंकली, पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. १८०३ च्या सुरुवातीला ते पुणं सोडून निघाले. २० एप्रिल १८०३ रोजी गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली इंग्रज फौज घेऊन पुण्यात शिरला. अमृतराव शहर जाळणार अशा वार्तेने त्याने शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत कापले होते. १३ मे रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आडोशाने पुन्हा गादीवर बसले.

वसईच्या तहात असं काय होतं?

पेशव्यांच्या मुलखात कंपनीचं किमान सहा हजार पायदळ कायमचं राहणार, त्याच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख. इंग्रजांशी वैर असलेल्या देशांचे युरोपीय नोकरीत ठेवायचे नाहीत. इतर सत्तांशी बोलणी इंग्रजांच्या सल्ल्यानेच. निजाम आणि गायकवाडांवरच्या दाव्यांचा निवाडा इंग्रज करणार. सुरतेवरचा हक्क सोडायचा.

आणि हे घडलं ते वसईत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून हीच वसई घेताना हजारो माणसं खर्ची घातली होती. चिमाजी अप्पा म्हणजे बाजीरावांचे चुलत आजोबा.

पुढे या सगळ्यांचं काय झालं?

शिंदे आणि नागपूरकर भोसले हे तह मान्य न करता १८०३ मध्ये लढले आणि असई, आडगाव, दिल्ली, लासवारी इथे हरले. त्या युद्धात यशवंतराव बाजूला राहिले. शिंद्यांशी असलेलं वैर अजून ताजं होतं. ते १८०४ मध्ये एकटे उतरले, कर्नल मॉन्सनच्या फौजेला पळता भुई थोडी केली, पुढे भरतपूरच्या जाटांची साथ मिळवली, आणि डिसेंबर १८०५ मध्ये पंजाबात बियासकाठी तह करून थांबले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्याला त्यांचा मृत्यू झाला. वय पस्तिशीच्या आत.

हडपसर जिंकून देणाऱ्या व्हिकर्सचा शेवट वाईट झाला. १८०४ मध्ये इंग्रजांशी लढाई तोंडावर आली तेव्हा यशवंतरावांनी त्याच्यासह तीन गोऱ्या अधिकाऱ्यांची डोकी उडवली. अमृतरावांनी इंग्रजांकडून सात लाखांची नेमणूक घेतली आणि ते उत्तरेत स्थायिक झाले. दौलतराव १८२७ मध्ये वारले. बाजीराव मात्र सगळ्यांना पुरून उरले. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन ते कानपूरजवळ बिठूरला राहिले आणि १८५१ साली गेले.

आज तिथे जाऊन काय पाहावं?

वानवडीच्या शिंदे छत्रीपासून सुरुवात करा. लढाईच्या वेळी महादजींना जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्यांनीच घडवलेल्या पलटणी त्यांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर कापल्या गेल्या. तिथून पूर्वेकडे हडपसर गाडीतळापर्यंत गेलात की दोन्ही फौजांमधल्या अंतराचा अंदाज येतो. चढउतार फारसे नाहीत, घोडदळाला एवढं महत्त्व का होतं ते जमीन पाहून कळतं. नंतर पर्वती चढा. वरून पूर्वेला शहर आणि दक्षिणेला सिंहगड एकाच जागेवरून दिसतो, आणि बाजीरावांनी ती जागा का निवडली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जायचं तर रविवारी सकाळी लवकर निघा, नाहीतर सगळा वेळ सोलापूर रस्त्यावरच जाईल.